ही गोळी रोजची नव्हे, वाराची आहे!

आमच्या आक्काला २०१९ साली औषधाने जवळजवळ नेले होते. आजाराने नव्हे, औषधाने. त्याहून विचित्र गोष्ट अशी की औषध बरोबर होते, डॉक्टरांचे निदान बरोबर होते, लिहून दिलेली मात्राही बरोबर होती. चुकला तो फक्त वार.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तेव्हा तिचे वय ५६. एका कंत्राटदाराकडे सोसायटीचे जिने झाडण्या-पुसण्याच्या कामाला होती. वर्ष-दीड वर्षापासून सकाळी तिची बोटे उघडत नव्हती. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची, फडके पिळायचे झाले की शेजारच्या पोरीला हाक मारायची. उन्हे वर आली की हात जरा सैल पडायचे. सगळ्यांनी सांगितले, वात आहे, वयाचे आहे, पाण्यात काम करतेस म्हणून आहे. गल्लीतल्या डॉक्टरने दर आठवड्याला सुई टोचली आणि दुखणे थांबवायच्या गोळ्या दिल्या. दीड वर्ष असेच गेले. शेवटी मी तिला हाताला धरून शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. रक्त तपासले, हाताचे एक्स-रे काढले आणि डॉक्टर म्हणाले, हा रुमॅटॉइड आर्थरायटिस आहे.

चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहिल्या होत्या. मेथोट्रेक्सेट दहा मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. फॉलिक अ‍ॅसिड पाच मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून रोज. सगळे इंग्रजीत आणि डॉक्टरी अक्षरात. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही लहान. मेडिकलवाल्याने गर्दीत पाकिटांच्या पाठीवर पेनाने खुणा केल्या आणि त्या उलटसुलट झाल्या. आक्का आठवी शिकलेली आहे, मराठी वर्तमानपत्र रोज वाचते. पण त्या चिठ्ठीवर तिला वाचता येईल असे एक अक्षर नव्हते. नऊ दिवसांत तिने मेथोट्रेक्सेटच्या आठ गोळ्या घेतल्या.

आधी तोंड आले. उष्णता झाली म्हणून गुलकंद खाल्ला. मग पाणी गिळवेना, ताप भरला, दंडावर निळे-काळे डाग उठले. पुन्हा त्याच रुग्णालयात नेले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तळाला गेलेल्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मावशी, ही गोळी तुम्ही रोज घेतली?" आक्का त्या अवस्थेतही ताठ मानेने म्हणाली, "रोज. एक दिवस चुकवली नाही मी."

या उत्तराने माझी झोप उडाली. नियम पाळणाऱ्या रोग्याला नियम पाळल्याची शिक्षा झाली होती. फॉलिनिक अ‍ॅसिड हा या गोळीवरचा उतारा. तो देऊन, रक्त चढवून, तेरा दिवसांनी आक्का घरी आली. निघताना केसपेपरवर मी वाचले की रुग्णाने औषध चुकीच्या पद्धतीने घेतले. म्हणजे दोष आक्काचा! चिठ्ठी लिहिणारा निर्दोष, गोळी देणारा निर्दोष, गोळी बनवणारी कंपनी निर्दोष, आणि अडाणी कोण? तर जिने पुसणारी बाई.

हा अडाणीपणाचा शिक्का आपल्या माणसांच्या कपाळावर फार सहज मारला जातो, म्हणून एक दाखला देतो. इंग्लंड काही निरक्षरांचा देश नाही. तिथे चिठ्ठी रोग्याच्याच भाषेत असते. तरीही तिथल्या सरकारी रुग्ण-सुरक्षा यंत्रणेने २००४ साली याच गोळीच्या चुकांचा आढावा घेतला तेव्हा दहा वर्षांत २५ मृत्यू निघाले. आठवड्याची गोळी रोज घेतली जाणे हे त्यातले मोठे कारण. चूक शिकलेल्याकडूनही होते, डॉक्टरकडूनही होते, नर्सकडूनही होते. कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात गोळी म्हणजे रोजची, हे पक्के बसलेले आहे. बीपीची रोज, शुगरची रोज. आठवड्याला एकच गोळी घ्यायची, हे कुणाच्याही हाताला सवयीचे नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली, म्हणजे आक्का रुग्णालयात होती त्याच वर्षी, या गोळीच्या वेष्टनावर ठळक इशारा हवा आणि रोग्याच्या हाती वेगळे कार्ड हवे असे ठरवले. त्यांनी रोग्याला अडाणी म्हटले नाही. त्यांनी पाकीट सुधारायला घेतले.

आता हा आजार काय आहे ते नीट समजून घेऊ. कारण आपल्याकडे गुडघे झिजले तरी वात, कंबर धरली तरी वात आणि हाही वातच. गुडघ्याची झीज वयाने, वजनाने, वापराने होते. रुमॅटॉइड आर्थरायटिसचे तसे नाही. शरीराचे रक्षण करणारी जी यंत्रणा आहे, तीच उलटून आपल्या सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हाताची, मनगटाची, पावलांची लहान लहान सांधी सुजतात, बहुधा दोन्ही बाजूंची. सकाळचा आखडलेपणा अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त टिकतो. ताप अंगात मुरल्यासारखा राहतो, थकवा जात नाही. पुरुषांपेक्षा बायांना दोन ते तीन पटीने जास्त, आणि तोही ऐन कामाच्या वयात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून डॉक्टरांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. तिच्यातून निघाले की दर दोनशे प्रौढ माणसांमागे साधारण एकाला हा आजार आहे. म्हणजे दोन हजार प्रौढांच्या वस्तीत दहा जण. आपल्या वस्तीतले ते दहा जण, खरे तर त्या सात-आठ बाया आणि दोन-तीन पुरुष, कुठे आहेत हे आपल्याला माहीत आहे का? त्या सुई टोचून घेत आहेत आणि वयाला दोष देत आहेत.

घाई का करायची? कारण सांध्याचे हाड पहिल्या दोन वर्षांतच खायला सुरुवात होते. एकदा बोटे वाकडी झाली की जगातले कोणतेही औषध ती सरळ करीत नाही. ज्यांची भाकरी हाताच्या पंजावर आहे, त्या भांडी घासणारीला, विडी वळणारीला, शिवणयंत्रावर बसणारीला हे दोन वर्षे घालवणे म्हणजे पुढचे सगळे आयुष्य घालवणे आहे.

आणि उपाय आहे. महाग नाही, नवा नाही, परदेशातून मागवायचा नाही. तो हाच, मेथोट्रेक्सेट. याच्या जन्मात आपल्याच देशातल्या एका माणसाचा हात आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५चा. अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या संशोधन विभागाचे ते प्रमुख होते आणि त्यांच्या चमूने १९४०च्या दशकात ही औषधे तयार केली. सुब्बाराव १९४८ साली गेले. त्यांच्या नावाचा गवगवा तिथेही झाला नाही आणि इथेही नाही. १९५१ साली गुब्नर नावाच्या डॉक्टरांनी याच घराण्यातले औषध सांधेदुखीच्या रोग्यांना दिले तेव्हा सूज उतरलेली दिसली. पण त्या काळी सगळे जग स्टिरॉइडच्या मागे धावत होते, त्यामुळे ही गोष्ट मागे पडली. अमेरिकेत या आजारासाठी मेथोट्रेक्सेटला अधिकृत मान्यता मिळायला १९८८ साल उजाडले. आज जगभर पहिले औषध हेच मानतात, आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

मेडिकलवाला कधी कधी सहज बोलून जातो, "हे तर कॅन्सरचे औषध!" झाले. बाई घाबरते, पाकीट माळ्यावर जाते. कॅन्सरमध्ये हे औषध वापरतात, हे खरे आहे. पण तिथली मात्रा फार मोठी असते. सांध्यांसाठी ती आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅमच्या आत राहते. मीठ चिमूटभर टाकले तर भाजी होते, वाटीभर टाकले तर भाजी फेकावी लागते. मीठ तेच.

मग आठवड्यातून एकदाच का? हे औषध रक्तातून लवकर निघून जाते, पण पेशींत शिरून तिथे मुरून बसते आणि आठवडाभर काम करीत राहते. जिथे पेशी सतत नव्याने बनतात, म्हणजे हाडांतला मगज, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, तिथे ते नव्या पेशींची वाट अडवते. मधल्या सहा दिवसांत शरीराला सावरायला वेळ मिळतो. रोज गोळी गेली की तो वेळच मिळत नाही. म्हणून तोंड येते, रक्त कमी होते, जंतूंशी लढायला शिपाई उरत नाही. फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व याचा त्रास कमी करायला असते, त्याला फालतू ताकदीची गोळी समजून टाळू नये. आणखी एक, मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत आराम नाही म्हणून सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांना कुणी हे आधी सांगितलेले नसते.

आक्काची पुढची गोष्ट सांगतो, कारण खरा धडा मला तिथे मिळाला. घरी आल्यावर ती म्हणाली, "मेले तरी चालेल, ती पिवळी गोळी नको." आम्ही कुणी जोर केला नाही. चार महिन्यांनी हात पुन्हा लाकूड झाले. मग कुणीतरी पुडीवाला सांगितला. जडीबुटीची पुडी, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून, कसलाही त्रास नाही. तिसऱ्या दिवशी आक्का जिना चढून आमच्या घरी आली! मी अंधश्रद्धेवर भाषणे देणारा माणूस, पण बहिणीला चालताना पाहून मीही गप्प बसलो. पाच-सहा महिन्यांत तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, अंग सुजले, शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टिरॉइड कुटून घातलेले असणार. या पुड्यांचा हा जुना धंदा आहे. झाडपाल्याच्या नावाखाली कारखान्यातली गोळी विकायची, आणि वर अ‍ॅलोपॅथीला शिव्या घालायच्या.

स्टिरॉइड हे विष नाही, हेही सांगितले पाहिजे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या याच आजाराच्या बाईला कॉर्टिझोन दिले आणि ती थोड्याच दिवसांत उठून चालू लागली. १९५० साली त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना मिळून नोबेल मिळाले. पुढे समजले की हा चमत्कार महाग पडतो. हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, खुब्याचा सांधा मरतो, लपलेला क्षय डोके वर काढतो. आज शहाणा डॉक्टर स्टिरॉइड थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी देतो. मेथोट्रेक्सेटचा गुण येईपर्यंतचा तो पूल आहे. पुलावर कुणी घर बांधत नाही. आणि बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड एका दिवसात तोडूही नये. शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवायचे विसरलेले असते, माणूस चक्कर येऊन कोसळतो. पुडी बंद करायची तीही डॉक्टरला दाखवून, हळूहळू. आक्काचे तसेच केले, तीन महिने लागले.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. वाचकांना राग आला तरी चालेल. चौदा एप्रिल आला की आपल्या वस्तीत आरोग्य शिबिर होते. मंडप, पाहुणे, सत्कार, फोटो. टेबलामागे बसलेला डॉक्टर दीड मिनिटात रोगी तपासतो आणि सांधे दुखतात म्हणणाऱ्या प्रत्येकाला डायक्लोफिनॅकची दहा गोळ्यांची पाकिटे वाटतो. मी स्वतः अशा शिबिराच्या टेबलावर उभा राहून ही पाकिटे वाटलेली आहेत, एकदा नव्हे, सात वर्षे. आक्कानेही त्यातलीच नेली होती. ही गोळी दुखणे दाबते, आजाराला हातही लावत नाही. हाड आतून खाल्ले जात राहते आणि वरून बाईला वाटते बरे आहे. महिनोन्‌महिने घेतली तर पोटात जखम होऊन रक्त जाते, मूत्रपिंड खराब होते, रक्तदाब चढतो, हृदयाला धोका वाढतो. याच जातीची रोफेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची गोळी हृदयविकाराचे झटके वाढतात म्हणून २००४ साली कंपनीला जगभरातून परत घ्यावी लागली. डायक्लोफिनॅक गुरांना देणे तर सरकारने २००६ साली थांबवले, कारण मेलेली गुरे खाऊन गिधाडे संपत चालली होती. गिधाडांची दखल घेतली ते चांगलेच झाले. माणसांना मात्र ती शिबिरात फुकट मिळते. थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे घ्यायला हरकत नाही. पण वर्षानुवर्षे हीच गोळी म्हणजे उपचार, ही फसवणूक आहे, आणि ती करण्यात आम्ही कार्यकर्तेही सामील होतो.

शिबिर बंद करा असे मी म्हणत नाही. शिबिरात पाकीट वाटण्याऐवजी तीन प्रश्न विचारा. सकाळी हात किती वेळ आखडतात? बोटांची, मनगटांची सांधी सुजतात का? हे सहा आठवड्यांच्या वर झाले का? तिन्हींचे उत्तर होय आले तर त्या बाईचे नाव लिहून घ्या आणि सत्काराच्या शालीचे पैसे वाचवून तिला जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात घेऊन जा. एक सावधानता. नुसती आर. ए. फॅक्टर ही तपासणी करून निकाल लावू नका. आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते आणि आजार नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरने हात दाबून पाहिलाच पाहिजे.

गोळी सुरू झाली की पुढे काय सांभाळायचे? रक्ताची तपासणी, पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, मात्रा ठरल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी. बरे वाटते म्हणून ही तपासणी सोडणे म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणे. दारू नको. यकृतावर दोन ओझी कशाला? (पुरुष वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) लग्न झालेल्या, मूल हवे असलेल्या मुलींनी हे डॉक्टरला आधी सांगायचे. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना मेथोट्रेक्सेट चालत नाही, गर्भ पडतो किंवा व्यंग येते. मूल हवे असेल तर औषध आधीच बदलावे लागते आणि त्यासाठी चालणारी दुसरी औषधे आहेत. आपल्या घरांत ही गोष्ट सुनेने सासूसमोर बोलायची नसते, डॉक्टरांसमोर सासूच बोलते. तिथे आपण बाजूला व्हावे. आणि एक नाव पाठ करून ठेवा, कोट्रायमॉक्सझोल. लघवीच्या जळजळीला, जुलाबाला, खोकल्याला सर्रास मिळणारी ही सल्फाची गोळी मेथोट्रेक्सेटबरोबर घेतली तर हाडांतला मगज बसतो. गल्लीतल्या डॉक्टरकडे साध्या तापाला गेलात तरी आधी मेथोट्रेक्सेटचे पाकीट टेबलावर ठेवा. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला आणि धाप, अंगावर निळे डाग, यांतले काही झाले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. वार चुकला तर एक-दोन दिवसांत घ्यावी, त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडावा. दोन आठवड्यांची मिळून एकदम कधीही नाही.

मेथोट्रेक्सेट सगळ्यांना पुरते असे नाही. त्याच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आहे, डोळ्यांची तपासणी करून घेत वर्षानुवर्षे चालते. २०२० साली कोरोनावर ती चालते अशी आवई उठली आणि ज्यांना गरज नव्हती त्यांनी ती कपाटात भरली. या आजाराच्या रोग्यांना मेडिकलच्या दारातून परत यावे लागले. कोरोनावर तिचा उपयोग नाही हे नंतर सिद्ध झाले. सल्फासॅलझीन आहे, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी टाळायची. लेफ्लुनोमाइड आहे, तेही गरोदरपणात मना. यांच्या पलीकडे जैविक औषधे, इंजेक्शनची. त्यातल्या अ‍ॅडॅलिमुमॅबची पहिली स्वस्त आवृत्ती २०१४ साली भारतातच निघाली, तरी ती आपल्या माणसाच्या आवाक्यातली नाही. शिवाय या इंजेक्शनांनी शरीरात झोपलेला क्षय जागा होतो. छातीचा फोटो आणि क्षयाची तपासणी केल्याशिवाय कुणी ती देत असेल तर घेऊ नका. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या वस्तीत हा नियम दुप्पट लागू आहे. टोफॅसिटिनिब ही नवी गोळी आता बरीच स्वस्तात मिळते, म्हणून सरसकट लिहिली जाते. पण उतारवयातल्यांना, तंबाखू ओढणाऱ्यांना आणि हृदयाचे दुखणे असलेल्यांना तिच्यापासून धोका आहे, असा कडक इशारा अमेरिकेच्या नियामकांनी २०२१ साली दिला. नवे म्हणजे चांगले, हा भ्रम श्रीमंतांना परवडतो.

प्रश्न हक्काचाही आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्याच खात्यात आकाराला आली. आडारकरांचा अहवाल १९४४ साली आला आणि पुढे १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. ज्या आजाराला महिन्याची गोळी स्वस्त पण आयुष्यभराच्या तपासण्या महाग, त्यासाठी हा विमा बनलेला आहे. कामगाराचा हप्ता कापून विम्यात भरायची जबाबदारी कंत्राटदारावर आहे. आक्काच्या कंत्राटदाराने पाच वर्षांत तिचे कार्डच काढले नव्हते. आम्ही युनियनच्या पोरांना घेऊन त्याच्या दारात गेलो तेव्हा पंधरा दिवसांत निघाले, तिचेच नव्हे, तिच्याबरोबरच्या एकवीस बायांचे. घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र हे कार्ड मिळत नाही. ज्यांचे हात सगळ्यात आधी जातात, त्याच विम्याच्या बाहेर. यावर आपल्या पुढाऱ्यांनी एखादा मोर्चा काढायला काय हरकत आहे?

चिठ्ठीचे मात्र कायद्याची वाट न पाहता होण्यासारखे आहे. सरकारी रुग्णालयात गोळ्या ज्या कागदी पुडीत बांधून देतात, तिच्यावर मराठीत, लाल शाईत, "आठवड्यातून एकदाच, वार : ____" एवढे छापायला किती खर्च येतो? डॉक्टरने आपल्या हाताने वाराचे नाव मराठीत लिहावे, मेडिकलवाल्याने देताना रोग्याकडून वार बोलून घ्यावा, एका वेळी चार आठवड्यांच्यापेक्षा जास्त गोळ्या देऊ नयेत, आणि मेथोट्रेक्सेट व फॉलिक अ‍ॅसिड दोन्ही पिवळ्या ठेवायचा हट्ट कंपन्यांनी सोडावा. हे निवेदन आम्ही वस्तीच्या वतीने आमच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना दिलेले आहे. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. ज्या वाचकांना आपल्या जिल्ह्यात असेच निवेदन द्यायचे आहे त्यांनी वेगळा मसुदा शोधू नये, वरची चार वाक्ये पुरेशी आहेत.

आक्का २०२१ पासून पुन्हा मेथोट्रेक्सेट घेते. डॉक्टरांनी तिला तासभर बसवून समजावले तेव्हा ती तयार झाली. दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका वाकडी राहिली ती राहिली, पण फडके ती स्वतः पिळते. वार तिनेच निवडला, रविवार. सकाळी विहारातून वंदना करून आली की चपला काढायच्या आधी डबा उघडते. पाकिटावर नातवाने स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे : रविवार. दुसऱ्या डब्यावर : रविवार सोडून. मेडिकलवाल्याला ती दर महिन्याला दोन्ही पाकिटे उलटी करून दाखवायला लावते, आणि मागे रांग लागली तरी हलत नाही.